‘यातले तुमचे किती?’

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे आमचे चांदूर रेल्वे. ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, त्या गावच्या माणसाने दूरदेशच्या नावाने दचकू नये, असे मी नेहमी म्हणतो. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग आमच्या गावावरून नागपूरला पोचला आणि वऱ्हाडचा कापूस वाघिणी भरभरून मुंबईला, व तेथून आगबोटीने विलायतेला जाऊ लागला. त्या कापसाला गिरणीवाल्याने कधी त्याचे कूळ विचारले नाही. आजही बाजारात ग्रेडर येतो, ढिगातून मूठभर कापूस उचलतो, चिमटीत धरून धागा ओढून पाहतो, ओल किती, कचरा किती याचा अंदाज घेतो आणि भाव सांगतो. कास्तकार कितवी शिकला आहे, हे तो विचारीत नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, गेली काही वर्षे आमच्याकडची काही मुलेमुली अशाच एका पारखीला सामोरी जात आहेत. ही मुले संगणकावरचे आणि मोबाइलवरचे खेळ तयार करतात, आणि परदेशातल्या कंपन्यांपुढे त्या कामासाठी मुलाखती देतात. संख्या फार नाही. हाताची बोटे पुरतात. पण त्यांची वाट माझ्या ओसरीवरून जाते. मी गणिताचा मास्तर. बत्तीस वर्षे सदिश शिकवले, आणि ‘सर, हे पुढे कुठे कामी येते?’ या प्रश्नाला बत्तीस वर्षे ‘परीक्षेत’ एवढेच उत्तर दिले. आता तीच मुले येऊन सांगतात की, परदेशच्या मुलाखतीत पहिला प्रश्न सदिशांवरच येतो. तेव्हा त्यांची उजळणी घेता घेता मीही या विद्येत थोडाफार मुरलो आहे. रंगीत तालमीत परदेशी साहेबाचे काम मलाच करावे लागते. टेबलापलीकडे बसून इंग्रजीत प्रश्न विचारायचे आणि चेहरा कोरा ठेवायचा, एवढे मला आता बरे जमते.

पोराटोरांचे काम नव्हे

पहिली अडचण घरातच असते. एका मुलाचे वडील मला म्हणाले, “सर, पोट्टं दिवसभर गेम खेयते, आन् आता म्हन्ते मी गेम बनवतो. हे काय नोकरीचं काम हाय का? मले तं काही समजून नाही रायलं.”

त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना निन्टेन्डोची हकिकत सांगितली. जपानातल्या क्योतो शहरात १८८९ साली ही कंपनी निघाली ती फुलांची चित्रे असलेले हातपत्ते छापण्यासाठी. पत्ते छापणारी ही पेढी पुढे व्हिडिओ गेमच्या धंद्यातली जगातली एक बडी कंपनी झाली. फिनलंडसारख्या चिमुकल्या देशात रोव्हिओ नावाच्या कंपनीने २००९ साली बेचकीने पाखरे डुकरांवर भिरकावण्याचा ‘अँग्री बर्ड्स’ हा खेळ काढला आणि तो घरोघर पोचला. युबिसॉफ्ट ही कंपनी मूळची फ्रान्सची; तिने १९९७ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात कारखाना घातला आणि ते शहर या धंद्याचे एक मोठे ठाणे बनले. तात्पर्य, खेळणे ही करमणूक असली, तरी खेळ बनवणे हे कसबाचे काम आहे.

ते काम किती नेटके असते, याची कल्पना एका आकड्यावरून यावी. पडद्यावरचे चित्र हलते दिसावे म्हणून सेकंदाला साठ चित्रे काढावी लागतात. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १६.६७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधीत खेळणाऱ्याने कोणते बटण दाबले ते पाहायचे, पात्रे हलवायची, कोण कोणावर आदळले ते मोजायचे, आणि चित्र रंगवून मोकळे व्हायचे. लगेच पुढचे चित्र हजर! यात एखाद्या वेळी हिशेब लांबला की खेळ अडखळतो, आणि खेळणारा तो बंद करून दुसऱ्याकडे वळतो. आमच्या वर्गात तीन तासांच्या पेपरात पाच मिनिटे जादा मागणाऱ्या मुलांना मी हा आकडा मुद्दाम सांगत असतो.

मुलाखतीच्या पायऱ्या

परदेशची मुलाखत म्हणजे एका दिवशी टाय बांधून जाऊन येण्याची गोष्ट नव्हे. ती चार-पाच टप्प्यांत, कधी कधी दोन-दोन महिने चालते. प्रथम अर्जाबरोबर आपल्या कामाचे नमुने धाडायचे. याला पोर्टफोलियो म्हणतात. ते पसंत पडले तर कंपनीची भरती पाहणारी व्यक्ती अर्धा तास बोलते. पगाराची अपेक्षा काय, सध्याची नोकरी सोडायला किती दिवस लागतील, त्या देशात काम करण्याचा परवाना आहे का, एवढेच प्रश्न. मग घरी करण्यासाठी एक काम देतात. मुले त्याला ‘टेस्ट’ म्हणतात. मी गृहपाठ म्हणतो. त्यानंतर कसबाची मुलाखत, आणि अखेर ज्या मंडळींबरोबर काम करायचे त्यांच्याशी गप्पा. त्या गप्पाही परीक्षाच असतात, हे आमच्या मुलांना उशिरा कळते.

घड्याळाची भानगड वेगळीच. मॉन्ट्रियलला सकाळचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती मंडळी आपली घड्याळे तासभर मागे घेतात, आणि साडेसाताचे साडेआठ होतात. हे नेमके दिवाळीच्या आगेमागे घडते. एक मुलगा असाच इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधी पडद्यापुढे बसला होता. उशिरापेक्षा हे बरे, पण त्या तासात बिचाऱ्याचा घाम सदऱ्यातून बाहेर आला. शिवाय वीज जाण्याची धास्ती असतेच. आमच्याकडे मुलाखतीच्या दिवशी लॅपटॉप आणि दोन मोबाइल भरून ठेवायचे, हा नियम सर्वांना पाठ आहे.

गृहपाठाबद्दल एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. यासाठी किती तास लागावेत अशी अपेक्षा आहे, हे आधी विचारून घ्यावे. आठ तासांच्या कामात मुले आठ रात्री घालतात, भरमसाट नक्षीकाम करतात आणि मूळ मागितलेली गोष्ट अर्धवट ठेवतात. तपासणाऱ्याला नक्षी नको असते. सांगितलेले तेवढे पुरे झाले का, आणि उद्या दुसऱ्या माणसाला ते वाचता येईल का, हे तो पाहतो.

चोर आणि चौकीदार

आता तो सदिशांचा प्रश्न. वाचकहो, घाबरू नका. बारावीत ज्यांनी गणित सोडले त्यांनाही हे समजेल.

शेताच्या धुऱ्यावर चौकीदार उभा आहे. तो एका दिशेला पाहतो आहे. कुठून तरी चोर आला. चौकीदाराला तो दिसेल की नाही? माणसाला हे सांगावे लागत नाही. संगणकाला सांगावे लागते. चौकीदाराच्या नजरेचा एक बाण काढावा, चौकीदारापासून चोराकडे जाणारा दुसरा बाण काढावा, दोन्ही बाणांची लांबी एक करून घ्यावी आणि त्यांचा अदिश गुणाकार करावा. उत्तर १ आले तर चोर थेट समोर. ० आले तर काटकोनात, बगलेला. उणे आले तर पाठीमागे. चौकीदाराला डावीउजवीकडे साठ-साठ अंशांपर्यंत दिसते असे धरले, तर उत्तर ०.५ पेक्षा अधिक आले की चोर नजरेत सापडला. कारण साठ अंशांची कोज्या ०.५ असते. हे कोष्टक आम्ही मुलांकडून घोकून घेतले होते. ते चोर पकडण्याच्या कामी येते, हे आम्हांलाही कोणी सांगितले नव्हते.

पण मुलाखत येथे संपत नाही, येथे सुरू होते. साहेब विचारतो, मध्ये झाड आले तर? मग चौकीदाराच्या डोळ्यापासून चोरापर्यंत एक सरळ रेषा सोडून ती वाटेत कशाला अडते का, हे पाहावे लागते. साहेब पुन्हा विचारतो, चौकीदार एक नसून हजार असतील तर? आता १६ मिलिसेकंदांचा हिशेब आठवावा लागतो. महागडी तपासणी शेवटी करावी. आधी जो चोरापासून फार लांब आहे त्याला बाजूला काढावे. आणि लांबी मोजतानासुद्धा वर्गमूळ काढण्याचा खटाटोप टाळून अंतराचा वर्गच मर्यादेच्या वर्गाशी ताडून पाहावा. ही युक्ती ज्याला सुचते, त्याच्याकडे साहेब जरा निरखून पाहतो.

यातली मेख अशी की, साहेबाला उत्तरापेक्षा उत्तराकडे जाणारी वाट ऐकायची असते. आमची मुले गप्प बसून मनात गणित करतात आणि एकदम आकडा सांगतात. वर्गात बोलू नये, ही शिस्त आम्हीच लावली. परदेशच्या मुलाखतीत मात्र मोठ्याने विचार करावा लागतो, चुकले तर ‘थांबा, हे बरोबर नाही’ असे स्वतःच म्हणावे लागते, आणि ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही, पण मी अमुक रीतीने शोधीन’ असे सांगावे लागते. हल्ली काही उमेदवार शेजारच्या पडद्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न घालून तिची उत्तरे वाचून दाखवतात. साहेब लोक भोळे नाहीत. ते म्हणतात, तुमचाच प्रोग्रॅम उघडा आणि आत्ता माझ्यासमोर त्यात एवढा बदल करा. उसनी उत्तरे तेथे उघडी पडतात.

आम्ही केले

मात्र मी पाहिलेली बहुतेक मुले गणितात अडली नाहीत, की इंग्रजीतही अडली नाहीत. ती अडली एका साध्या प्रश्नापाशी: ‘यातले तुमचे किती?’

अभियांत्रिकीच्या चौघा मित्रांनी मिळून एक खेळ केला होता. त्यातल्या एकाला मुलाखतीत हा प्रश्न आला. तो म्हणाला, ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केले.’ साहेबाने पुन्हा विचारले. याने पुन्हा तेच सांगितले. मी नंतर त्याला म्हटले, “अरे, शत्रूंची चाल तूच बसवली होतीस ना? मग सांगायचे होतेस.” तो म्हणाला, “सर, बाकीचे दोस्त काय म्हन्तीन? मी एकट्यानंच केलं असं सांगनं बरं वाटते का?”

मला त्याचा रागही आला आणि कौतुकही वाटले. आमच्याकडे मी-मी करणारा माणूस चार लोकांत शोभत नाही. पण सात समुद्रांपलीकडच्या माणसाला कामाची वाटणी कशी कळावी? त्याला ‘आम्ही’ या शब्दाआड दोन प्रकारचे लोक दिसतात. एक हा आमचा विनयी मुलगा, आणि दुसरा काहीच न करता नाव लावून बसलेला. पडद्यावर दोघे सारखेच दिसतात.

या रोगावर औषध आहे. प्रोग्रॅम लिहिणारे गिट नावाची एक वही वापरतात. लिनक्सवाल्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली याची नोंद तिच्यात आपोआप होते. मी मुलांना सांगतो, हा तुमच्या कामाचा सातबारा आहे. प्रत्येक फेरफार नोंदलेला आहे. सातबारा दाखवून आपली जमीन आपली म्हणण्यात गर्व नाही, आणि शेजाऱ्याची जमीन त्याची म्हणण्यात कमीपणाही नाही.

एका विद्यार्थिनीने हे नेमके ओळखले. तिचे वडील कास्तकार. रानडुकरे पीक लोळवतात म्हणून आमच्याकडे लोक रात्र रात्र शेतात जागतात, हे तुम्हांला माहीत असेल. तिने त्यावरच एक छोटा खेळ केला. एक शेत, एक मचाण, हातात बॅटरी, आणि अंधारातून येणारी डुकरे. सारा खेळ दहा मिनिटांचा. गोदो नावाचे खेळ बनवण्याचे मोफत साधन आहे, अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेले आणि २०१४ पासून सर्वांना खुले असलेले. त्यावर तिने तो बांधला. युरोपातल्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावले आणि ठरलेला प्रश्न विचारला. ती म्हणाली, ‘आवाज माझे नाहीत, ते मोफत मिळणाऱ्या संग्रहातून घेतले. झाडांची चित्रे मैत्रिणीची. डुकरांनी वाट कशी शोधायची आणि उजेडाला कसे बुजायचे, ते सगळे माझे.’ पुढचा प्रश्न आला, यात वाईट काय आहे? हा प्रश्न ऐकून आमची मुले सापळा समजतात आणि ‘सर्व ठीक आहे’ म्हणून मोकळी होतात. ती म्हणाली, ‘धुऱ्याच्या कोपऱ्यात डुक्कर अडकून गोल फिरत राहते. ते का होते ते मला कळले आहे, पण दुरुस्त केले तर दुसरीकडे बिघडते.’ मग पाऊण तास ती आणि तो साहेब त्या एका डुकराबद्दलच बोलत होते.

नोकरी तिला मिळाली नाही. ती जागा त्याच शहरात राहणाऱ्या अनुभवी माणसाला गेली. पण नकाराच्या पत्रात कारण स्पष्ट लिहिले होते आणि डुकरांच्या वागणुकीची तारीफ होती. त्यानंतर पुण्यातल्या मुलाखतीत तिने तेच डुक्कर दाखवले, आणि आज ती तेथे काम करते.

वकिलातीचा दरवाजा

कोणी म्हणेल, पदवीला किंमत नाही, तर मग शिक्षण सोडून खेळच का बनवू नयेत? येथे सावध राहिले पाहिजे. कंपनीतला साहेब पदवी विचारीत नाही हे खरे, पण परवाना देणारे सरकार विचारते. अमेरिकेच्या एच-वन-बी परवान्याला पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव दाखवावा लागतो. शिवाय वर्षाला ६५,००० आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी २०,००० अशी मर्यादा, आणि अर्ज त्याहून कितीतरी अधिक. सप्टेंबर २०२५ मध्ये तर परदेशातून येणाऱ्या नव्या उमेदवारामागे एक लाख डॉलर भरण्याचा हुकूम निघाला. जर्मनीने जून २०२४ पासून ‘संधी-पत्र’ काढले. गुणांच्या हिशेबात बसणाऱ्याला तेथे जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते, पण शिक्षणाचा दाखला आणि खर्चापुरता पैसा आधी दाखवावा लागतो. संगणकाच्या जाणकारांना पदवीवाचून अनुभवावर ब्ल्यू कार्ड मिळण्याची वाटही त्या देशाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोकळी केली, पण त्यासाठी तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणून माझा सल्ला एकच: पदवी पुरी करा, पण मुलाखतीत तिच्यावर विसंबू नका.

आणि आणखी एक. खरी कंपनी मुलाखतीसाठी, टेस्टसाठी किंवा ऑफर लेटरसाठी उमेदवाराकडून एक पैसा घेत नाही. परदेशी नोकरीवर माणसे पाठवणाऱ्या दलालाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे परराष्ट्र खात्याकडे नोंदणी करावी लागते. जो नोंदणी दाखवीत नाही आणि आगाऊ रक्कम मागतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

दोन एकर

मागे ज्यांचा उल्लेख केला ते गृहस्थ पुन्हा एकदा आले. आता त्यांची शंका फिटली होती आणि उत्साह अंगात आला होता. परदेशात खेळ बनवण्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तो केला की तेथेच नोकरी लागते, असे त्यांना कोणी सांगितले होते. “दोन एकर काढून टाकतो,” ते म्हणाले. “पोट्ट्याचं भलं होत असन तं वावर काय छातीवर घेऊन जाचं हाय?”

मी त्यांना काही आकडे सांगितले. २०२४ च्या एकट्या जानेवारीत खेळ बनवण्याचे साधन विकणाऱ्या युनिटी कंपनीने सुमारे १,८०० आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळांच्या विभागातून १,९०० माणसे कमी केली. पुढच्याच महिन्यात सोनीने खेळांच्या विभागातून ९०० जागा कमी करण्याचे जाहीर केले. करोनाच्या काळात घरी बसलेले लोक भरपूर खेळले, कंपन्यांनी भरमसाट भरती केली, आणि ओहोटी लागल्यावर ही माणसे घरी गेली. आज परदेशात एका जागेसाठी नवखा मुलगा अर्ज करतो, तेव्हा त्याच गावात राहणारा, दहा वर्षे मुरलेला आणि परवान्याची कटकट नसलेला माणूस त्याच्या शेजारी रांगेत उभा असतो. ज्याचा पहिला अनुभवच अजून व्हायचा आहे, त्याने या रांगेवर वावर पणाला लावावे काय?

जवळची वाट आहे. युबिसॉफ्टने २००८ साली पुण्यात आणि २०१८ साली मुंबईत शाखा काढली. बंगळुरात तर ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी १९९७ पासून या धंद्यात होती. ती २०१९ साली रॉकस्टारने घेतली. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळीने ‘राजी’ नावाचा, आपल्या पुराणकथांवर बेतलेला खेळ केला आणि २०२० साली तो जगभर गेला. येथे दोन-तीन वर्षे कसून काम केलेल्या माणसाकडे परदेशी कंपनी वेगळ्या नजरेने पाहते.

हे नवीनही नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तेथे गेले आणि त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. ती माणसे बर्लिनला जाऊन शिकली नव्हती. अमरावतीच्या मातीत आधी घाम गाळून मग गेली होती.

गृहस्थ बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत बसले. मग म्हणाले, “मंग आता काय कराव म्हन्ता?”

मी म्हटले, “मुलाला तीन खेळ पुरे करू द्या. लहान असोत, दहा मिनिटांचे असोत, पण पुरे. लोकांना फुकट खेळायला द्या, आणि अनोळखी माणसे काय नावे ठेवतात ते त्याला वाचू द्या. तिसऱ्या खेळानंतर त्याला विचारा, यातले तुझे किती? त्याने न अडखळता सांगितले, की मग वावराचे बोलू.”

या गोष्टीला वर्ष होत आले. दोन खेळ पुरे झाले आहेत, तिसऱ्याचे काम चालू आहे. पहिल्याला कोण्या परक्या माणसाने ‘फार कंटाळवाणा’ असे लिहिले, तेव्हा मुलगा दोन दिवस जेवला नाही. दुसऱ्याला तेच कोणी लिहिले नाही. त्या दोन एकरांतले सोयाबीन निघाले आहे, आणि आता तेथे हरभरा पेरायचा आहे.